शिशाची गोळी, गॅसची रायफल

2023 साली माझी पोस्टिंग जम्मूच्या डोंगरात, चिनाबच्या खोऱ्यात होती. राष्ट्रीय रायफल्समधली ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी कॅप्टन होतो आणि डोंगर चढताना दम लागत नसे. या खेपेला लेफ्टनंट कर्नल होतो, चाळिशी उलटून चार वर्षं झाली होती, आणि दम लागला की "जरा नकाशा बघू" असं म्हणून थांबायची युक्ती अंगवळणी पडली होती. जवानांना ती कळत असे. तेही माझ्याबरोबर गंभीर चेहऱ्याने नकाशा बघत.

ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. सडक संपल्यावर पायी दोन तास. वर देवदार, खाली मक्याची शेतं, मातीच्या सपाट छपरांची वीस-बावीस घरं. आमच्या कामांपैकी एक काम अशा गावांतल्या गावरक्षकांना हत्यारं वापरायला शिकवणं हे होतं.

गावरक्षकांबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात हा प्रकार माहीत नसतो. डोंगरातल्या दूरच्या वस्त्यांवर रात्री हल्ले होऊ लागले तेव्हा 1995 साली तिथल्या गावकऱ्यांच्या संरक्षण समित्या उभ्या राहिल्या. पोलिसांनी त्यांना थ्री-नॉट-थ्री रायफली दिल्या. 2022 मध्ये या योजनेला नवं रूप मिळालं आणि त्यांना व्हिलेज डिफेन्स गार्ड म्हणू लागले. मग 2023 च्या जानेवारीत राजौरीजवळच्या ढांगरी गावात घरात घुसून गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी तिथेच स्फोट झाला, आणि दोन्ही मिळून 7 जण गेले. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर बऱ्याच गावरक्षकांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्रीऐवजी एसएलआर आली. एसएलआर म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, 7.62 मिलिमीटर, वीस राउंडची मॅगझीन, इशापूरच्या कारखान्यात बनलेली.

माझी आणि एसएलआरची ओळख जुनी. खडकवासल्याला एनडीएत असताना हातात आलेली पहिली रायफल हीच. सव्वाचार किलोंच्या वर वजन. ड्रिल स्क्वेअरवर चूक झाली की ती डोक्यावर धरून पळायचं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या खांद्याला तिचं वजन आजही आठवत असेल. फौजेने तिला केव्हाच निवृत्त केलं, पण गावरक्षकांच्या दृष्टीने ती नवीकोरी होती.

त्या गावाच्या गटाचे म्होरके होते चाचाजी. वय साठीच्या पुढे, पंचवीस वर्षं थ्री-नॉट-थ्री सांभाळलेली. बोल्ट सरकवण्याचा त्यांचा हात असा होता, की आमचे जवान बघत राहायचे. घरात वडिलांच्या वेळची टोपीदार बंदूकही होती, परवान्याची. टोपीदार म्हणजे आपल्याकडची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर चिंधी आणि शिशाची गोळी, मागे टोपी लावून बार काढायचा.

ही बंदूक बघितल्यावर मला घर आठवलं. माझं गाव सिंधुदुर्गात, सावंतवाडीच्या बाजूला. आमच्याकडे रानडुकरं आणि वानरं शेती ठेवत नाहीत, म्हणून शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात. माझ्या काकांकडे आहे. लहानपणी पावसाळ्याच्या आधी काका चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचे आणि चिमट्यासारख्या साच्यात गोळ्या ओतायचे. साचा उघडला की चकचकीत गोळी बाहेर पडे आणि हळूहळू काळवंडत जाई. जाळ्याला लावायची वजनंही त्याच शिशाची. आम्ही पोरं भोवती बसून तो धूर नाकात घेत असू. त्याबद्दल शेवटी लिहितो.

चाचाजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांचा साचा आणून दाखवला. काकांच्याच साच्याचा भाऊ शोभावा असा. त्या दिवसापासून आमचं जमलं.

सप्टेंबरात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. बरोबर आमचे सुभेदार साहेब, आर्मरर हवालदार, चार जवान आणि ठाण्यातला एक पोलीस, कारण हत्यारं पोलिसांची. काम साधं होतं. हत्यारं तपासायची, राउंड मोजायचे, उजळणी घ्यायची. शाळेच्या अंगणात घोंगडी अंथरून रायफली मांडल्या. चाचाजींच्या घरच्या एसएलआरची पाळी आली. आर्मररने रायफल खाली केली, उघडली आणि चेंबरच्या बाजूने पुलथ्रू सोडला.

ज्यांनी पुलथ्रू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती एक दोरी असते. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासा, त्यात चिंदी अडकवायची. वजन नळीत सोडलं की ते सरळ खाली उतरतं आणि तोंडातून बाहेर येतं. मग दोरी ओढायची. हजारो वेळा केलेलं काम. हाताला त्याची इतकी सवय असते, की त्याकडे कुणी बघत नाही.

वजन बाहेर आलं नाही. आर्मररने दोरी वर ओढून पुन्हा सोडली. आतून एक बोदा आवाज आला. त्याने नळी आकाशाकडे धरून डोळा लावला आणि काही न बोलता रायफल माझ्या हातात दिली. नळीतून उजेडाचं गोल नाणं दिसायला हवं. मला काळोख दिसला.

नळीत, अर्ध्याहून जरा पुढे, गोळी अडकली होती.

मी चाचाजींकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग खिशातून तीन काडतुसं काढून घोंगडीवर ठेवली. खोकी आमचीच, पितळी, पण वापरलेली. तोंडाशी तांबूस टोकाऐवजी राखाडी शिसं.

झालं होतं असं. मका पिकला की तिथे अस्वलं उतरतात. चाचाजींना अस्वल मारायचं नव्हतं, हवेत बार काढून हुसकवायचं होतं. पण सरकारी राउंड मोजून दिलेले असतात आणि एकेका राउंडचा हिशेब द्यावा लागतो. दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. मे महिन्यातल्या प्रशिक्षणात मी प्रत्येकाला 10 राउंड दिले होते. दहा राउंडात नवी रायफल हाताला बसत नाही, हे त्यांना कळत होतं. सराव हवा होता. थ्री-नॉट-थ्रीची खोकी खालच्या बाजारातला एक कारागीर पुन्हा भरून द्यायचा, वर शिशाची गोळी बसवून. ती चाचाजींनी वर्षानुवर्षं रानडुकरांसाठी वापरली होती. कधी काही बिघडलं नव्हतं. म्हणून या वेळी त्यांनी एसएलआरची पाच भरून आणली.

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी नाल्यात जाऊन त्यांनी ती चालवून बघितली. पहिला बार झाला, पण रायफलने स्वतःहून खोकं फेकलं नाही. त्यांनी हाताने कॉक केलं. दुसऱ्या वेळी आवाजच धड आला नाही. गोधडी झटकल्यासारखा. राउंड फुसका निघाला असं समजून त्यांनी पुन्हा कॉक केलं, तेवढ्यात घरून हाक आली. अंधारही पडला होता. त्यांनी तिसरा राउंड काढून घेतला, सरकारी राउंडांची मॅगझीन लावली आणि घरी आले.

त्यानंतरच्या तीन रात्री ती रायफल पहाऱ्यावर होती. चाचाजींच्या नाही, त्यांच्या बावीस वर्षांच्या पुतण्याच्या हातात. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

या तीन रात्रींत त्याने चाप ओढला असता तर काय झालं असतं, हे अंगणात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. नळीत आधीच एक गोळी बसलेली. तिच्या मागे पूर्ण ताकदीचा राउंड. या राउंडचा चेंबरमधला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास जातो. पुढची वाट बंद असेल तर नळी फुगते किंवा फाटते, आणि फाटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हातापाशी आणि तोंडापाशी. पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. आपला डावा हात मात्र उजव्या हाताने चोळत राहिला.

त्या दिवशीची ठरलेली उजळणी मी बाजूला ठेवली. सगळ्या गावरक्षकांना, त्यात तीन बायकाही होत्या, बसवून घेतलं आणि मे महिन्यात जे सांगायला हवं होतं ते सांगायला सुरुवात केली. तेव्हा मी त्यांना रायफल कशी भरायची, शिस्त कशी घ्यायची, चाप कसा ओढायचा हे शिकवलं होतं. रायफल चालते कशी, हे सांगितलं नव्हतं.

थ्री-नॉट-थ्री हाताने चालते. गोळी गेली की तिचं काम संपतं. खोकं काढायचं, नवा राउंड घालायचा, ते तुमचा हात करतो. म्हणून भरलेला राउंड कमजोर असला तरी बोल्टला फरक पडत नाही. एसएलआरचं तसं नाही. तिच्या नळीला वरच्या बाजूने एक बारीक छिद्र असतं, काडेपेटीची काडी जेमतेम जाईल एवढं. गोळी ते छिद्र ओलांडून पुढे गेली, की तिच्या मागचा थोडासा गॅस त्यातून वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन ब्रीच ब्लॉकच्या कॅरिअरला धक्का देतो, ब्लॉक उघडतो, खोकं बाहेर फेकलं जातं. दस्त्यातली स्प्रिंग दबते आणि उलटून सगळं पुढे ढकलते, तेव्हा मॅगझीनमधला पुढचा राउंड आत जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणजे एसएलआरच्या राउंडला दोन कामं असतात, गोळी पुढे पाठवायची आणि रायफलीलाही चालवायचं. राउंड कमी पडला तर पहिलं काम कदाचित होईल, दुसरं होणार नाही.

आता यात शिसं आलं की काय होतं? शिसं मऊ. 327 अंशाला वितळतं, नखाने ओरखडा उठतो. टोपीदार बंदुकीत गोळीचा वेग बेताचा असतो आणि नळी बहुधा आतून गुळगुळीत, तिथे शिसं चालून जातं. एसएलआरची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची, सेकंदाला 800 मीटरहून जास्त वेगाने निघते, आणि नळीत आटे असतात. एवढ्या जोरात उघडं शिसं आट्यांमध्ये धड फिरत नाही, घसरतं, सोललं जातं आणि नळीला लेप बसतो. गोळी त्या छिद्रावरून जाते तेव्हा छिद्राची धार शिशाचा कीस काढते. गोळीला लावलेली चरबी किंवा मेण जळून त्यात मिसळतं. ही सगळी चिकट राड गॅससोबत छिद्रात, सिलिंडरमध्ये, पिस्टनवर जाऊन बसते.

मग कुणी म्हणेल, दारू कमी घालू, वेग कमी ठेवू. तिथेच तर अडचण आहे. वेग कमी ठेवला तर शिसं टिकतं, पण गॅसचा जोर कमी पडतो आणि पिस्टन हलत नाही. जोर वाढवला तर पिस्टन हलतो, पण शिसं टिकत नाही. अमेरिकेत हौशी नेमबाज अशा रायफलींतही ओतीव गोळ्या वापरतात. अँटिमनी मिसळून शिसं कडक करतात, गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी बसवतात, मोजमाप काटेकोर ठेवतात, आणि तरी गॅसचे भाग वरचेवर खोलून साफ करतात. त्यांचा राउंड अडला तर एक दुपार वाया जाते. आमच्या गावरक्षकाचा राउंड अडला तर काय जाईल, हे वेगळं सांगायला नको.

बाजारातल्या कारागिराने भरलेली दारू तर टोपीदारची, काळी. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात मागे राहतो. ती राख हवेतला ओलावा ओढते आणि पोलादाला गंज चढवते. आर्मररने गॅस प्लग काढून पिस्टन बाहेर घेतला, तेव्हा तो फक्त दोन बारांनंतर चुलीतल्या उलथन्यासारखा दिसत होता. त्याने तो हातोहात सगळ्यांना दाखवला.

तरी काही चेहरे कोरेच होते. मी पुन्हा छिद्र आणि पिस्टन सांगायला लागलो, तेव्हा चाचाजींची सून मागून म्हणाली, "साब, कुकरसारखं आहे का? राजमा लावला आणि साल शिटीच्या भोकात अडकलं, तर शिटी होत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं आत वाफच नाही. वाफ असते." त्या खोऱ्यात राजमा घरोघरी शिजतो. सगळे हसले आणि सगळ्यांना कळलं. एनडीए, आयएमए आणि पुढचे सगळे कोर्स करून मला जे अर्ध्या तासात जमलं नव्हतं, ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. त्यानंतर प्रत्येक गावात मी कुकरच सांगत आलो.

पुतण्याने विचारलं, "मग आपल्या राउंडच्या गोळीत शिसं नसतंच का?" चांगला प्रश्न होता. असतं. आत शिसंच असतं, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूर न करणारी नवी दारू आली, वेग एकदम वाढला, आणि उघडं शिसं त्या वेगाला पुरेना. स्वित्झर्लंडमधल्या एडुआर्ड रुबिन या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात तांब्याचं कवच असलेली गोळी बनवली, आणि 1886 च्या फ्रेंच लेबेल रायफलीपासून धूररहित दारू आणि कवचाची गोळी ही जोडी जगभरच्या फौजांत शिरली.

कवचाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्या देशाशी जोडलेली आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी टोकाशी कवच उघडं ठेवलेली गोळी बनवली. अंगात शिरल्यावर ती फुलायची आणि जखम भयंकर व्हायची. 1899 च्या हेग परिषदेत अशा, शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. दमदम हे गावाचं नाव त्या गोळीला कायमचं चिकटलं. सैनिकाच्या गोळीला पूर्ण कवच असतं ते यासाठीही. हत्याराची गरज आणि माणुसकीची गरज एका जागी येते असे प्रसंग आमच्या धंद्यात फार नाहीत.

वर्ग संपला. आता राहिला होता तो भाग, जो मला टाळावासा वाटत होता.

1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. चाचाजींनी बनवला नव्हता, पण बाळगला होता आणि सरकारी रायफलीत वापरला होता. पोलीस हवालदार माझ्याकडे बघत होता. सुभेदार साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, नळी घाण होती, साफसफाईसाठी परत घेतली, एवढंच लिहू या का? म्हातारा माणूस आहे. पंचवीस वर्षं राखण केली आहे." सुभेदार साहेबांना तेवीस वर्षांची नोकरी. ते उगाच बोलणारे नव्हेत. चाचाजींसाठी मलाही तसंच वाटत होतं.

मी दहा मिनिटं शाळेच्या पायरीवर बसलो. नळी घाण होती असं लिहिलं तर चाचाजी वाचतील. पण तो कारागीर उद्या दुसऱ्या गावाला अशीच खोकी भरून देईल, आणि त्या गावात पुलथ्रू तीन दिवसांनी नाही, तीन महिन्यांनी पडेल. शिवाय खोटं एकदा कागदावर गेलं की खालचे सगळे शिकतात, की कागदावर खोटं चालतं. मी पोलिसांच्या वरिष्ठांना जे घडलं ते तसंच लिहून दिलं. त्यात अस्वल लिहिलं, पंचवीस वर्षं लिहिली, चाचाजींनी न विचारता खिशातून राउंड काढून दिले हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की प्रशिक्षणात सरावाचे राउंड अपुरे होते आणि हत्याराची कार्यपद्धती शिकवली गेली नव्हती, ही जबाबदारी माझी.

आर्मररने ती गोळी नळीत तेल सोडून, पितळी रॉडने तोंडाच्या बाजूने ठोकून काढली. चपटी झालेली, एका अंगाने सोललेली. रायफल गेज लावून तपासायला खाली गेली आणि पाच आठवड्यांनी परत आली. तेवढे दिवस गावाला एक एसएलआर कमी होती. त्या पाच आठवड्यांत मी आमची रात्रीची गस्त त्या बाजूला वाढवली, पण रोज गस्त तिथेच ठेवणं शक्य नव्हतं. ज्या रात्री आमचा गट दुसऱ्या डोंगरावर असे, त्या रात्री मला झोप लागत नसे. बाजारातल्या कारागिराचं दुकान पोलिसांनी बंद केलं. चाचाजींवर खटला झाला नाही, समज देऊन सोडलं, पण गटाचं म्होरकेपण काही महिने दुसऱ्याकडे गेलं. ते त्यांना लागलं. पुढच्या दोन फेऱ्यांना ते आले, रांगेत बसले, विचारलं तेवढंच बोलले. चहा सुनेने आणून दिला.

मी राउंडसाठी पत्रव्यवहार केला. वेळ लागला, पण पुढच्या सत्रात प्रत्येकाला 30 राउंड देता आले. त्याहून उपयोगी पडला तो बिनराउंडचा सराव. दर आठवड्याला रायफल खाली आहे हे दोघांनी तपासायचं, नळीच्या टोकाशी नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. याला एकही राउंड लागत नाही, आणि जो वीस वेळा नाणं पाडत नाही त्याची गोळी रेंजवर जागच्या जागी बसते. शिवाय तीन नियम. आवाज वेगळा आला तर थांबायचं, रायफल खाली करायची, नळीतून उजेड बघायचा. रायफल एक राउंड मारून थांबली आणि आवाज ठीक असेल, तर आधी गॅस रेग्युलेटर बघायचा. पहाऱ्यावर जाण्याआधी प्रत्येकाने स्वतः पुलथ्रू सोडायचा, आदल्या माणसाने सोडला असला तरी.

फेब्रुवारीत बर्फ असताना आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. चाचाजींच्या अंगणात पोचलो तेव्हा पुतण्या पहाऱ्याला निघत होता. चाचाजींनी त्याला थांबवलं, रायफल उघडून घेतली, पुलथ्रू सोडला. वजन खाली टेकलेल्या लाकडी फळीवर पडलं. टक. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोरी ओढली, चिंदी उलगडून बघितली, रायफल पुतण्याला दिली. मग म्हणाले, "बसा साब. राजमा आहे."

जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, "तुम्ही लिहून दिलंत तेव्हा मला वाटलं, हा माणूस साचा बघून भाऊ म्हणाला आणि मग पोलिसांत गेला." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पण माझ्या भावाला तो एकच मुलगा होता." भाऊ गेला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. खोऱ्यात असं विचारायचं नसतं. साचा अजून त्यांच्याकडेच आहे, टोपीदारही. तिचा परवाना आहे, आणि त्या बंदुकीला शिसंच लागतं.

त्या रात्री कॅम्पवर आल्यावर नेटवर्क मिळालं तेव्हा मी गावी काकांना फोन लावला. आमच्या मेडिकल ऑफिसरने त्या गावात शिशाबद्दलही सांगितलं होतं. शिशाचा धूर आणि धूळ अंगात साठते, मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चाचाजींच्या घरी शिसं स्वयंपाकाच्या चुलीवर वितळत होतं. आमच्याही घरी तसंच. मी काकांना म्हटलं, आता घरात नातवंडं आहेत. शिसं घरात वितळवू नका, बाहेर उघड्यावर करा, ती पळी वेगळी ठेवा, नंतर साबणाने हात धुवा, आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.

काका म्हणाले, "अरे, तू कर्नल झालंस म्हणान माका शिकवूक लागलंस? साठ वर्सां ह्या करतंय मी."

चाचाजींनीही तेच सांगितलं होतं. पंचवीस वर्षं करतोय, कधी काही झालं नाही. मी काकांना त्या तीन रात्रींची गोष्ट सांगितली. पुतण्याची, आणि पुलथ्रूच्या न आलेल्या आवाजाची. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

पंधरा दिवसांनी काकांचाच फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "आणि आयक, शिसां आता भायर माडाखाली वितळयतंय. पोरांका सांगलंय, थंय येवचा नाय."